शेवटच्या माणसाची जागा

बंगळुरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिही, असा काकूंचा फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून दिला. "डोंगरांनी तुला आयुष्याबद्दल काय शिकवलं ते लिही. पण जरा प्रसन्न असू दे गं. सणाचा अंक आहे." मी "सरी काकू", म्हणजे बरं, म्हणून फोन ठेवला आणि लिहायला बसल्यावर कळलं की प्रसन्न मला जमत नाही. मला पत्रकं लिहिता येतात. बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करत होते, तिथल्या कंत्राटी कामगारांच्या संघटनेत ते शिकले. पाठपोट एक कागद. तो पाळी सुटताना गेटवर उभं राहून वाटायचा. वाचणाऱ्याकडे त्याची बस येईपर्यंतचाच वेळ असतो, त्यामुळे नटवायला जागा नसते.

तरी काकूंनी विचारलंय तर सरळ उत्तर देते. डोंगर कोणाला शिकवायला बसलेला नाही. मला जे काही कळलं ते मादण्णा नावाच्या एका माणसामुळे, आणि तेही माझ्यामुळे त्याचं काम गेल्यानंतर. त्याचं काम कसं गेलं, आणि ते परत मिळावं म्हणून मला काय करावं लागलं, एवढंच इथे सांगणार आहे.

आधी धंदा समजून घ्या. बंगळुरात शनिवार-रविवारी डोंगरावर माणसं नेणं हा पूर्णवेळ धंदा आहे. कारखाना सोडल्यावर मी तो सहा वर्षं केला. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण माझ्याबरोबर आलेले असतील, कारण पुण्या-मुंबई-नागपूरहून आयटीत आलेली मंडळी हेच आमचं मुख्य गिऱ्हाईक. पहाटे सिल्क बोर्डच्या चौकात बस, उजाडताना पायथा, दुपारी घरी. इथले डोंगर सह्याद्रीसारखे नाहीत. झाडी असते ती पायथ्याशी. वर सगळा एकसंध करडा कातळ, मोठ्या जनावराच्या पाठीसारखा गुळगुळीत. सकाळी सातला त्याच्यावर हात ठेवला तर गार लागतो, अकराला त्यावर टेकवत नाही. नवख्याला वाटतं माथा गाठला की जिंकलो. आमचं काम माथ्यावर अर्धं झालेलं असतं. दमलेले गुडघे, तापलेला दगड आणि घरी जायची घाई हे तिन्ही उतरताना एकदम भेटतात.

माणसं कशीकशी येतात. एकाने माथ्यावर लॅपटॉप उघडून ऑफिसची मीटिंग केली, आणि आम्ही बाकीचे ती संपेपर्यंत कुजबुजत बोललो. इंदिरानगरच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "धुकं किती वाजता असतं?" मी म्हटलं, आज रजेवर आहे. साताऱ्याच्या एक आजी साध्या चपलेवर सगळ्यांच्या आधी वर पोचल्या आणि खाली धापा टाकणाऱ्या नातवाच्या मित्रांकडे बघून म्हणाल्या, "ही पोरं आजारी आहेत का गं?"

अशा घोळक्याला वर नेऊन धड परत आणायचे दोन नियम आहेत. पहिला, सगळ्यांच्या मागे एक माणूस चालतो. आमच्यात त्याला स्वीप म्हणतात. जो सगळ्यात सावकाश चालतो त्याच्याही मागे हा. कोणी बसलं की हा थांबतो, कोणी रडलं की हा थांबतो. त्याला वाट पाठ हवी, म्हणून तो शक्यतो गावातलाच असतो. दुसरा नियम मोजणीचा. बसमध्ये प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि प्रत्येक थांब्यावर एकपासून ओळीने प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. आपला नंबर आपल्याच तोंडाने. यातला 'आपल्याच' हा शब्द मी दर रविवारी दोनदा सांगायचे, कारण समोर इंजिनिअरिंगची चार वर्षं एकमेकांची हजेरी लावून पास झालेली माणसं उभी असायची.

मादण्णा आमचा स्वीप. पन्नाशीचा, हडकुळा, पूर्वी त्याच डोंगरावर शेळ्या चारायचा. डोंगराचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे आणखी दोन बसेस उभ्या राहतील. त्या गावाने समिती करून वाटाड्यांची यादी केली आहे, आणि यादीतल्या माणसाशिवाय कोणी गट वर न्यायचा नाही असा गावाचा नियम आहे. यादीत नाव असलं तर माणूस आपल्या डोंगरावर काम करून दुपारी घरी जेवतो. नसलं तर सकाळच्या टेम्पोत उभा राहून दगडाच्या खाणीवर जातो.

मादण्णा फार बोलायचा नाही. मागून एवढंच ऐकू यायचं, "स्वल्प निधान, अक्का. स्वल्प निधान." जरा सावकाश. मी खानापूरची, कन्नड मला मराठीइतकंच येतं, पण ते आमच्या बाजूचं. त्यावर तो हसायचा. "अक्का, तुम्ही पाणी मागितलं तरी भांडताय असं वाटतं."

त्या रविवारी एका आयटी कंपनीची बत्तीस माणसं होती. घरच्यांना आणायला परवानगी होती, म्हणून नागपूरचा एक मुलगा, इथे त्याला निनाद गोतमारे म्हणते, खरं नाव वेगळं, आपल्या वडिलांना घेऊन आला होता. निनादचा नंबर सव्वीस, काकांचा सत्तावीस. काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. प्रत्येक थांब्यावर मला विचारायचे, "मॅडम, आतापर्यंत किती उंची झाली? अंदाजे नको, नीट सांगा." बाकीचे पुढे धावायचे तेव्हा म्हणायचे, "काहून पळून राहिले हे पोट्टे? डोंगर कुठे चालला का?" मादण्णा त्यांच्या मागे दोन पावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण चाल जुळली होती.

माथ्यावर मोजणी पूर्ण झाली. बत्तीसच्या बत्तीस. तिथे एक छोटा दगडी मंडप आहे, आत नंदी. काका त्याच्या मागच्या सावलीत टेकले. निनादला म्हणाले, "तुमचे फोटो होऊ दे. मी इथं आहो."

फोटो म्हणजे बॅनर. आमचे मालक रोहित, वय चौतीस, त्यांना सर म्हटलेलं चालायचं नाही, सगळ्यांनी नावाने हाक मारायची. त्यांचा नियम असा की गिऱ्हाईक कंपनीच्या बॅनरसह फोटो आला नाही तर तो ट्रेक झालाच नाही. बॅनर बारा फुटी, आणि वर वारा. पोरांना तो धरवेना. मी मागे मंडपाशी थांबलेल्या मादण्णाला हाक मारली, दोर घेऊन पुढे या.

तो आला. दोर खांद्यावरून काढताना म्हणाला, "मागे कोण, अक्का?"

मी म्हटलं, "मी आहे."

बॅनर बांधला, फोटो झाले. तोवर साडेदहा वाजले. ड्रायव्हरचे फोन सुरू झाले होते, त्याला दुपारी दुसरं भाडं होतं. उतरायचा पहिला टप्पा तीव्र आहे, तिथे खाली उभं राहून हात द्यायला मादण्णा लागतो, म्हणून तो पुढे गेला. मी मागे राहायचं होतं. पण मधेच दोन मुली कातळावर बसल्या आणि हलेनात. मी त्यांच्याकडे खाली उतरले, एकेकीचा पाय धरून खाचेत ठेवत त्यांना आणलं. त्या वेळी मागे कोणीच नव्हतं. मला ते माहीत होतं.

अर्ध्या वाटेवर कातळात पाण्याचं टाकं आहे. तिथे मोजणी. नंबर येत गेले. "ट्वेंटी-सिक्स." मग "ट्वेंटी-सेव्हन." दोन्ही एकाच गळ्यातून. दुसऱ्या वेळी आवाज थोडा जाड काढलेला.

मी ते ऐकलं. हे वाक्य मी मनात पुष्कळ प्रकारे लिहून पाहिलं आहे. वारा होता, गडबड होती, नीट कळलं नाही. नाही. मी ऐकलं. मला वाटलं, काका चार पावलं मागे असतील, मुलाला माहीत असेल. खिशात फोन तिसऱ्यांदा थरथरत होता. अठ्ठावीस आला, एकोणतीस आला, बत्तीसही आला. मी म्हटलं, चला.

बसमध्ये सत्तावीस नंबरची सीट रिकामी होती. निनाद दारातच उभा राहिला. "बाबा तुमच्याबरोबर आहेत ना? तुम्ही मागे होता ना?" त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की टाक्यापाशी त्याला स्वतःलाही काही माहीत नव्हतं. बाप येतच असेल, उगाच सगळ्यांसमोर त्याच्यामुळे उशीर झाला असं नको, एवढ्यासाठी त्याने एक नंबर भरून टाकला होता. कॉलेजात भरायचा तसा.

मादण्णाने दोन बाटल्या घेतल्या आणि वर निघाला. मी मागून धावत, हाका मारत. माथ्यावर मंडपामागे कोणी नव्हतं. मी आणखी जोरात ओरडायला लागले तेव्हा तो म्हणाला, "ओरडू नका. ऐकू द्या." आणि तो चक्क बसला. भर दुपारी, तापलेल्या दगडावर, उकिडवा. मला त्याचा राग आला. मग त्याने पश्चिमेच्या उतारावर बोट दाखवलं. खाली घळीच्या तोंडाशी कोणाच्यातरी शेळ्या होत्या. "चरत नाहीयेत," तो म्हणाला. खरंच, सगळ्या माना वर करून एकाच बाजूला बघत उभ्या होत्या.

काका त्या घळीत होते. सावलीतून उठल्यावर त्यांना कोणी दिसलं नाही, शेळ्यांच्या वाटेला आपली वाट समजून ते भलत्या बाजूने उतरले आणि घसरले. डावा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. ओठ पांढरे पडले होते. मादण्णाने आधी त्यांचा चेहरा पुसला, मग टोपणाने थोडंथोडं पाणी पाजलं. काकांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि त्यांचं पहिलं वाक्य हे होतं:

"मॅडम, मी तर नंबर दिला नव्हता. सत्तावीस आला नाही, तर अठ्ठावीस कसा आला?"

मी गावात फोन लावला.

गावातली आठ माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन वर आली. कातळावरून झोळी उतरवणं सोपं नसतं, पुढच्यांना गुडघ्यांवर रांगावं लागतं. डोक्याकडची बाजू मादण्णाने खालपर्यंत कोणाला दिली नाही.

तीन दिवसांनी आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात रोहितने अहवाल माझ्यासमोर सरकवला. त्यात लिहिलं होतं की उतरताना स्थानिक वाटाड्याने शेवटची जागा सोडली, त्यामुळे एक सदस्य मागे राहिला. मी म्हटलं, त्याला मी बोलावलं होतं. रोहित शांतपणे म्हणाला, "शुभा, यात खोटं काय आहे ते सांग. जागा सोडली की नाही त्याने?" "सोडली." "मग?" मी म्हटलं, कोणी बोलावलं ते लिहू या. तो म्हणाला, "लिहू. पण मग लीडर म्हणून तुझं नाव येतं. सहा वर्षं केलंस तू हे. पुढे कोण घेईल तुला?"

मी सही केली. आजवर मी वाचलेल्या कागदांत तो सगळ्यात सफाईदार कागद होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अहवालाची प्रत गावच्या समितीकडे गेली आणि मादण्णाचं नाव यादीतून निघालं.

हे मला तीन महिन्यांनी कळलं, असं मी बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे मी तीन महिने त्या डोंगराचे गट दुसऱ्या लीडरला देत राहिले, म्हणजे कळायला नको. शेवटी जावंच लागलं तेव्हा पायथ्याशी नवा माणूस होता. मादण्णा कुठे विचारलं तर म्हणाला, "खाणीवर."

मग मी मला जे येतं ते केलं. नोकरी सोडली आणि पत्रक काढलं. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. डोंगरांचा बाजार मांडणाऱ्यांनो, अशी सुरुवात. एका गटात किती माणसं असावीत, स्वीपला त्याच्या जागेवरून हलवायचा हक्क कोणालाही नसावा, अपघाताची जबाबदारी कंपनीची, गावच्या वाटाड्याची नव्हे. मागण्या बरोबर होत्या, आजही त्या माझ्या मागण्या आहेत. दुसऱ्या परिच्छेदात मादण्णाचं नाव होतं, अन्यायाचा बळी म्हणून. पत्रक खूप फिरलं. लोकांनी शाबासकी दिली. मला वाटलं, आता समितीवर दबाव येईल आणि त्याचं काम त्याला मिळेल. काही झालं नाही. समितीने पत्रक वाचलं आणि ठेवून दिलं. त्यांच्याकडे सहीचा कागद होता, माझं नुसतं ओरडणं होतं.

पत्रक घेऊन मी मादण्णाच्या घरी गेले. तो खाणीवरून नुकताच आला होता, भुवयांवर दगडाची पूड. त्याच्या बायकोने मला ताक दिलं, बसा म्हणाली नाही. त्याने हात धुतले, कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला. मग उलटून मागची बाजू वाचली.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "मालक आहे, कंपनी आहे, सरकार आहे. मी पण आहे." कागद परत उलटला. "तुम्ही कुठे आहात?"

"मीच लिहिलंय, मादण्णा."

"ते कळलं. आत कुठे आहात?"

बायको चुलीपाशी काही करत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, मी बोलावलं म्हणून तुम्ही पुढे आलात हे लिहायचं राहिलं. तो म्हणाला, "राहिलं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं काही राहत नाही." आवाज चढला नव्हता. कागदाची नीट घडी घालून त्याने तो मला परत दिला.

संघटनेत मला शिकवलं होतं, बोट नेमकं दाखवायला शिक. मी शिकलेही. पण माझ्या प्रत्येक पत्रकात गुन्हेगार नेहमी कागदाच्या पलीकडे उभा असायचा.

समितीसमोर जायचं ठरवलं, पण त्याआधी मी निनादकडे गेले. माझ्या मनात होतं की त्याने येऊन नंबराचं सांगावं. दोघांनी सांगितलं तर समितीला नाकारता येणार नाही. तो वडिलांसह बनशंकरीला राहतो. दार उघडून त्याने मला तिथेच अडवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही माझं नाव छापणार आहात का?"

"नाही. तू स्वतः येऊन सांगावंस असं वाटतं."

"बाबांना माहीत नाही." त्याने मागे पाहिलं. "ते अजून तोच प्रश्न विचारतात. फिजिओवाल्यालाही विचारला. मी कसं सांगू, ताई? मीच भरला म्हणून? त्यांचा गुडघा आता वाकणार नाही म्हणतात."

शेवटी तो मला आत बसवून चहा टाकायला गेला. काका खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर, काठी मांडीवर आडवी. मला वाटलं आता प्रश्न येणार. त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली, आवाज खाली आणला.

"मॅडम, तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली मी. मले काय कळत नाही? सत्तावीस कोणीतरी म्हटलं, म्हणूनच अठ्ठावीस आला. आणि माझ्यासाठी कोण म्हणनार? माझाच पोट्टा म्हणनार."

काकांनी पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"मी विचारतो ते उत्तरासाठी नाही. त्याला सांगायला जागा राहावी म्हणून विचारतो. सांगेल तवा सांगेल." मग काठीचं टोक माझ्याकडे करून म्हणाले, "पन त्या मानसाचं काय? ज्यानं मले पानी पाजलं? त्याचं नाव कापलं म्हनते निनाद. माझ्या पोराचं होईपर्यंत त्यानं कायले थांबावं? तुम्ही होत्या ना तिथं. तुम्ही जा."

निनाद चहा घेऊन आला तेव्हा काका त्याला म्हणाले, "साखर कमी टाकली का रे?" चहा पिऊन मी निघाले. निनादला परत काही विचारलं नाही.

समिती गावात मारम्माच्या देवळाच्या कट्ट्यावर बसते. पाच जण, अध्यक्ष जयम्मा नावाच्या बाई, रेशमाच्या किड्यांचा धंदा करणाऱ्या. मादण्णाला बोलावलं होतं, तो खांबाला टेकून उभा होता, त्या दिवसाची खाणीवरची पाळी बुडवून. मी नवा कागद लिहून नेला होता, पण जयम्मा म्हणाल्या, "कागद नको. कागद आमच्याकडे आहे. तोंडाने सांग."

मी सांगायला लागले. सवयीने सुरुवात कंपनीपासून झाली, बॅनर, बसची घाई, मालकाचा दबाव. जयम्मांनी हात वर केला.

"ते सगळं तुझ्या पत्रकात वाचलं. आता मी विचारते तेवढं सांग. याला पुढे कोणी बोलावलं?"

"मी."

"येताना याने काही विचारलं?"

"मागे कोण राहणार, असं विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"मी आहे म्हणाले."

"होतीस?"

"नव्हते."

 मग मी टाक्यापाशी दोन नंबर एका गळ्यातून ऐकल्याचं सांगितलं, आणि ऐकूनही चला म्हटल्याचं. एका म्हाताऱ्या सदस्याने विचारलं, गळा कोणाचा होता. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, ऐकलं मी आणि गप्पही मीच बसले. तो कुरकुरला. जयम्मा म्हणाल्या, "सरी. तेवढं पुरे." मग मला विचारलं, "त्या कागदावर सही तुझीच?"

"माझीच."

"वाचून केलीस?"

"वाचून."

त्यांनी आपसात बोलायला आम्हाला बाजूला उभं केलं. मादण्णा आणि मी एकाच खांबाच्या दोन बाजूंना. लपवत नाही, त्या पाच मिनिटांत मला वाटत होतं की आता माझं कौतुक होईल. स्वतःहून येऊन कोण कबूल करतं. अशी आशा माणसाला का असते कोण जाणे.

निकाल कन्नडमध्ये दोन वाक्यांत झाला. मादण्णाचं नाव त्याच दिवसापासून परत यादीत. आणि ही बाई एक वर्ष या डोंगरावर गट घेऊन किंवा गटाबरोबर चढणार नाही.

मी तोंड उघडलं. ज्या कंपनीने तो अहवाल लिहिला तिचं काय, असं मला विचारायचं होतं, आणि तो प्रश्न रास्त होता. त्या कंपनीच्या बसेस आजही दर रविवारी सुटतात, त्यावर मी अजून लिहिते आणि लिहीत राहणार. पण मादण्णा खांबाच्या पलीकडून माझ्याकडे बघत होता आणि मी तोंड मिटलं.

त्याने आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं, मी त्याचंच त्याला परत दिलं होतं, तेही उशिरा, आणि मधे त्याचे हात खाणीत फुटले होते. "घरी चला, जेवून जा," एवढं म्हणाला. त्याच्या बायकोने या वेळी बसायला चटई टाकली. जेवायला मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, आणि आमटीसारखं सारू होतं. जेवताना मी विचारलं, "टाक्यापाशी तुम्ही पुढे होतात. तुम्हाला ऐकू आला का तो दुसरा आवाज?" तो म्हणाला, "मला इंग्रजी आकडे कळत नाहीत, अक्का. तुम्हाला कळतात." आणि माझ्या पानात आणखी सारू वाढलं.

काकू, प्रसन्न असं एवढंच आहे, की पुढच्याच रविवारी मादण्णा डोंगरावर होता. मीही गेले. चढायला बंदी आहे, पायथ्याशी उभं राहून पत्रकं वाटायला नाही. एक नवीन बस आली, पंचवीसेक जण, नवे बूट, नव्या टोप्या. त्यांतला एक मुलगा पत्रक घेऊन चाळू लागला. चांगला मराठी मुलगा होता, पुण्याचा. त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः नाही चढत?"

"मला बंदी आहे."

"का?"

त्याचे बाकीचे सोबती फाटकातून आत जाऊ लागले होते. मी त्याला सांगितलं, एक माणूस मागे राहिलाय हे मला कळलं होतं आणि मी चला म्हटलं, म्हणून. तो घाईत होता, पण त्याने पुढचंही विचारलं, आणि मी पुढचंही सांगितलं, सही करण्यापर्यंतचं. फाटकाच्या आत, वळणावर, मादण्णा थांबला होता. मुलगा पळत गेला. तो आपल्या पुढे निघून गेल्यावर मादण्णाने एकदा मागे वळून फाटकाकडे पाहिलं, आणखी कोणी नाही ना याची खात्री केली, आणि मग सगळ्यांच्या मागून चढायला लागला.